उंबऱ्याबाहेरची टिटवी

मथुराबाईंच्या घरात टिटवीला मज्जाव होता. खऱ्या पाखराला तर होताच, पण चित्रातल्या पाखरालाही होता. आणि नेमकं तेच चित्र पोटच्या पोराच्या दंडावर! आता सांगा, अशा बाईनं करायचं काय?

त्यांनी केलं ते असं. विश्वजीत हवाई दलात वैमानिक, लढाऊ विमानं उडवायचा. देशभर फिरून त्याची बदली लोहगावला झाली तेव्हा मथुराबाईंनी साऱ्या आळीत पेढे वाटले. हडपसरहून लोहगाव म्हणजे काय लांब? ट्रॅफिकची मर्जी असली तर बोलता बोलता पोचतो माणूस, आणि नसली तर तेवढ्यात सोलापूर येतं. तर विश्वजीत बदलीनंतर पहिल्यांदा घरी आला तो कामावरच्या हिरव्या पोशाखातच. दंडावर गोल बिल्ला. बिल्ल्यात एक टिटवी, उताणी निजलेली, दोन्ही पाय आभाळाकडे केलेली. मथुराबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या, ओवाळून टाकायला. त्यांचा हात तिथंच थांबला.

"हे काय रं?"

"आमच्या स्क्वाड्रनचा बिल्ला. टिटवी स्क्वाड्रन म्हणतात आम्हाला."

"काढ."

"अगं आई…"

"काढ म्हणते ना! हे ध्यान उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

विश्वजीत हसला. हे बिल्ले शिवलेले नसतात, कापडाला चिकटवलेले असतात. त्यानं चर्रकन ओढून काढला, गाडीत पुढच्या कप्प्यात टाकला आणि मग आत आला. तिथपासून तो नियमच झाला. पोरगा दारात गाडी लावायचा, चर्र आवाज यायचा, कप्पा बंद व्हायचा, आणि मग हाक यायची, "आई, पाखरू बाहेर ठेवलंय, मी आत येऊ का?" त्याचे मित्र यायचे त्यांनाही तोच नियम. वायुसेनेचे साहेबलोक, दिल्लीला सलाम न चुकवणारे, पण मथुराबाईंच्या दारात निमूट दंड मोकळा करायचे.

लोक म्हणायचे, बाईचं डोकं जुनं आहे. म्हणू द्या. लोकांना काय, शिमगा असो की दिवाळी, तोंड उघडायला निमित्त लागतं. मथुराबाईंचं पहिलं लेकरू मुलगी होती. विश्वजीतच्या आधीची. आज जिथं चकाचक काचेच्या इमारती आहेत तिथं तेव्हा यांचं शेत होतं, नि विहिरीच्या बाजूला पडीक माळ. त्या माळावरून एका रात्री टिटवी ओरडत राहिली होती आणि पहाटे तापानं फणफणलेलं ते तान्हं गार झालं होतं. नाव ठेवायचं राहिलं होतं तिचं. आता पाखराचा नि तापाचा काय संबंध, हे मथुराबाईंना कुणी समजवायचं? त्यांनाही कळत होतं की संबंध नाही. पण कळतं म्हणून सुटतं का सगळं?

विश्वजीतनं खूप वेळा प्रयत्न केला. आईला थेट सांगून उपयोग नाही, हे त्याला ठाऊक. म्हणून तो ओट्यावर बसून आपल्या पोरीला, सोनूला, गोष्ट सांगायचा आणि आवाज मात्र स्वयंपाकघरापर्यंत जाईल असा ठेवायचा.

गोष्ट अशी, की स्क्वाड्रन नवी उभी राहिली तेव्हा तिला जागा मिळाली ती कुठल्याशा रखरखीत माळावर. धावपट्टी अर्धीच झालेली. पहिले साहेब पंजाबी. एके दिवशी खडीवर रोलर फिरत होता, तो अडला. पुढं टिटवी. खडीतच अंडी घातलेली, खडीच्याच रंगाची, आणि बाई पंख पसरून त्या धुडाला आडवी. रोलर गुरगुरला, ती ओरडली. साहेबांनी रोलर बंद करवला आणि पिलं निघेपर्यंत तेवढ्या तुकड्याचं काम थांबवलं. वरून विचारणा झाली तेव्हा त्यांनी कळवलं म्हणे, की आमच्या गावाकडं सांगतात, टिटवी पाय वर करून निजते, आभाळ कोसळलं तर तोलून धरता यावं म्हणून. आणि आमचं पोट त्याच आभाळावर, तेव्हा हिच्याशी वैर परवडणार नाही. मग बिल्ला ठरवायची वेळ आली. साहेबांनी स्वतःच्या हातानं काढून पाठवली उताणी टिटवी. वरचे भडकले. पाय वर केलेलं पाखरू म्हणजे मेलेलं पाखरू, असला बिल्ला नामंजूर! शेवटी टिटवीला उभं केलं, एक पाय तेवढा उचललेला ठेवला आणि खाली संस्कृतात लिहिलं, 'नभो धारयामि', मी आभाळ धरून आहे. ती झाली सरकारी टिटवी, पितळेची, भिंतीवरची. पण पोरं हट्टाला पेटली. त्यांनी दंडावर ठेवली ती साहेबांचीच, उताणी.

"म्हणजे आपल्याकडे दोन टिटव्या आहेत," सोनू म्हणायची.

"दोन. एक साहेबासमोर उभी राहते, दुसरी खरं काम करते."

आतून पोळपाटावर लाटणं आपटायचं. "आभाळ धरती म्हणं! सवताची अंडी उघड्यावर टाकणारी बया, ती काय धरती आभाळ?"

बापलेक खी-खी हसायचे. मथुराबाईंनाही हसू यायचं, पण ते त्या भिंतीकडं तोंड करून हसायच्या. नियम म्हणजे नियम.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर विश्वजीतचं विमान पडलं. इंजिन बंद पडलं, बाहेर उडी टाकायला उंचीच राहिली नव्हती. चौकशी झाली, कागद आला, त्यात हेच होतं. यंत्राचा दोष. माणसाचा नाही.

मथुराबाई रडल्या नाहीत. पेटी दारात आली तेव्हा नाही, बंदुकांची सलामी झाली तेव्हा नाही, तेराव्यालाही नाही. नातेवाइकांनी आधी काळजी केली, मग कुजबूज केली. "बाईचा दगड झालाय." दगडच झाला होता, खोटं कशाला बोला. उठायच्या, अंगण झाडायच्या, भाकऱ्या थापायच्या, सोनूचे केस विंचरून दोन वेण्या घालायच्या. मीठ जास्त पडलंय की कमी, हे जिभेला समजेना. मच्छिंद्र, त्यांचे यजमान, सगळं आयुष्य ढेकळांत काढलेला गडी, तो लहान पोरासारखा हमसून रडायचा, आणि या त्याच्याकडं पाहत बसायच्या, शेजारच्या घरातलं भांडण पाहावं तशा.

एकच गोष्ट होती जिला धग होती. टिटवी. झाडताना, निवडताना, दिवा लावताना तिचा उद्धार चालायचा. "मुडदा बशिवला तिचा! माझी पोरगी खाल्ली, पोट भरलं न्हाई म्हणून पोरगा खाल्ला. दंडावर बसून न्हेला मेलीनं." मग परत गप्प. तेवढ्यापुरती बाई जिवंत दिसायची, म्हणून कुणी अडवायचं नाही.

ऋतुजाही नाही. ही त्यांची सून. माहेर शनिवार पेठेतलं, बोलणं मोजकं, चाकूसारखं सरळ. खराडीला कंपनीत नोकरी. वायुसेनेचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा आईबापांकडं न जाता ती सोनूला घेऊन हडपसरला आली, सासूसासऱ्यांजवळ. सगळ्यांना वाटलं, शहाणी आहे. सासू टिटवीला शिव्या घालायला लागली की ऋतुजा जागची उठायची, गॅलरीत जायची, वाळलेले कपडे पुन्हा एकदा वाळत घालायची.

मग एप्रिलात स्क्वाड्रनमधून फोन आला. त्यांच्यात रीत आहे, की कुणी स्क्वाड्रन सोडून निघाला की त्याला लाकडी ढाल देतात, तिच्यावर पितळेचा बिल्ला आणि खाली त्याचं नाव. बदली झालेल्याला देतात, निवृत्त झालेल्याला देतात. विश्वजीतचीही करून ठेवली होती. स्थापना दिवसाला घरच्यांनी यावं, घेऊन जावं.

जेवताना ऋतुजानं विषय काढला. "आई, ती ढाल आणली की मी पुढच्या खोलीत लावणार आहे."

"न्हाई."

"त्यावर त्याचं नाव आहे."

"आन् नावाच्या वर ती हाय. न्हाई म्हणजे न्हाई."

ऋतुजानं ताटात हात धुतला नाही, उठून नळाखाली धुतला. मग म्हणाली, "ठीक आहे. शाळा सुरू व्हायच्या आत मी आणि सोनू खराडीला राहायला जाऊ. फ्लॅट बघून ठेवलाय."

मच्छिंद्रच्या हातातला घास तसाच राहिला. मथुराबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला.

रात्री मच्छिंद्र म्हणाले, "अगं, एका पाखरापायी नात घालवशील. पोरगा गेला, आता हीबी जाऊ द्यायची? काप गेले, भोकं ऱ्हायली असं करून घिऊ नगंस."

"जाऊ दे."

त्या हे बोलल्या आणि वाट पाहत राहिल्या, की आता तरी छातीत काही होईल. काही झालं नाही. तेवढं मात्र त्यांना वाईट वाटलं, की वाईटसुद्धा वाटत नाही. सकाळी सोनूच्या वेण्या घालताना एवढंच मनात आलं, की जूनपासून सकाळी या हातांना काम नाही. कंगवा थोडा वेळ हातात राहिला. "आजी, झालं ना?" सोनू म्हणाली. झालं होतं.

ऋतुजानं खोकी आणली. पुस्तकं भरली. घरात चार माणसं आणि आवाज फक्त फ्रिजचा.

त्या रविवारी प्रज्ञेश आला. हा विश्वजीतचा जोडीदार, त्याच स्क्वाड्रनचा, मूळचा यवतमाळचा. आमंत्रण द्यायला आला होता, मोठ्या साहेबांनी पाठवलेला. मथुराबाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं, गडी फाटकाबाहेरच थांबला, दंडावर हात नेला, चर्रकन बिल्ला काढला आणि गाडीत ठेवला. सांगायला कुणी नव्हतं, तरी. तो आवाज ऐकला आणि मथुराबाईंना भिंत धरावी लागली.

आत येऊन त्यानं सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मच्छिंद्रनं जवळ बसवून घेतलं. ऋतुजा चहा टाकायला गेली. थोडं इकडचं तिकडचं झालं, मग मच्छिंद्रनं एकदाचं भडाभडा सांगून टाकलं: ढाल, भिंत, खराडी, खोकी, सगळं. "तुमी तरी समजवा हिला. तुमचं ऐकल."

प्रज्ञेश अवघडला. मग त्याला वाटलं, आपण ही गाठ सोडवू शकतो. चांगल्या माणसांना असं फार वाटतं.

"काकू, त्या पाखरावर एवढा राग नका धरू. अहो, त्याचा काय दोष? त्या दिवशी तर…"

"सर," ऋतुजा आतून धावतच आली, हातात गाळणी तशीच, "साखर किती घालू?"

"कमीच. त्या दिवशी तर ते विश्वजीतजवळ होतंच नाही, काकू."

"सर, तुम्ही जरा बाहेर येता का? गाडी मागे घ्यायला लागेल, टँकर येतोय."

"टँकर कुठला रविवारी?" मच्छिंद्र म्हणाले.

मथुराबाई खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. "कुटं न्हवतं?"

"दंडावर. आदल्या रात्री तो इथंच होता ना जेवायला? तुम्ही मासवडी केली होती. रात्री इथंच राहिला, सकाळी दुसरा पोशाख घालून तसाच निघून आला. बिल्ला गाडीतच राहून गेला. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगला आला तर दंड मोकळा. आमच्यात बिल्ला विसरला की दंड असते, सगळ्यांना समोसे खाऊ घालायचे. आम्ही लागलो ओरडायला. आणि तो हसून राहिला होता, काकू. म्हणे, आईचा धाक आहे, पाखरू बाहेरच राहिलं. समोसे सांगून ठेवा, आल्यावर खाऊ." प्रज्ञेशचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता. "शेवटी बोलला ते तुमचंच बोलला. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल."

बरं! त्याला काय ठाऊक, बिचाऱ्याला, की त्यानं काय हातातून काढून घेतलं. मच्छिंद्रला ठाऊक झालं. त्यांनी बायकोच्या तोंडाकडं पाहिलं, प्रज्ञेशचा हात धरला आणि "चला, तुमाला आंबा दावतो, औंदा लई धरलाय" असं काहीतरी बरळत त्याला मागच्या दारानं घेऊन गेले. चहा ओट्यावर उतू गेला. ऋतुजानं जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन तिथंच उभी राहिली.

मथुराबाई बसून होत्या. डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत होती. पाखरू तिथं नव्हतंच. दंडावर बसून कुणी नेलं नव्हतं. ज्या एका पाखराबद्दल निदान गोष्टीत तरी म्हणतात, की ते आभाळ पेलून धरतं, ते आपणच दाराबाहेर ठेवायला लावलं, आणि पोरगा आईचा शब्द पाळून मोकळ्या दंडानं वर गेला. हेही खरं नाही, हे त्यांना कळत होतं. इंजिन होतं. कागद होता. कापडाच्या तुकड्यानं विमान वर राहत नाही. पण कापडाच्या तुकड्यानं विमान पडतं, असं त्यांनी इतके महिने मानलं होतं. मग आता पळवाट कुठून काढणार?

मग त्यांना गाळणी आठवली. टँकर आठवला.

"तुला ठावं व्हतं."

"हो."

"कवापासनं?"

"स्क्वाड्रनमधून त्याची गाडी परत आणून दिली, तेव्हापासून. कप्पा आवरताना सापडला. मी तो माझ्याकडं ठेवलाय."

"आन् मी रोज… तुझ्यासमोर…"

"हो. रोज."

"मग बोलली का न्हाईस? एवढी फाडकन बोलणारी तू. यवढंच पोटात ठिवलंस?"

ऋतुजानं गाळणी टेबलावर ठेवली. तिच्या हातावर चहाची भुकटी सांडली होती, ती झटकायचंही तिला सुचलं नाही.

"काय बोलू? तुम्ही जेवत नव्हतात, रडत नव्हतात. त्या पाखराला शिव्या घालताना तेवढ्या तुम्ही आमच्यात असायचात. ते पण काढून घेतलं असतं तर शिव्या कुणाला घातल्या असत्या? तुम्हालाच तुम्ही. मला माहीत आहे ना तुमचा स्वभाव."

मथुराबाईंना लाज वाटली. खरीखुरी, कानशिलं तापवणारी लाज. त्यांना वाटायचं, पोरगी गॅलरीत जाते ती आपल्याला कंटाळून.

"मंग ही खोकी? त्या लाकडाच्या फळीपायी घर सोडतीस?"

"फळीचं निमित्त केलं मी." ऋतुजाचा आवाज पहिल्यांदा फाटला. "त्याची आई आहात तुम्ही. पण मीही त्याची कुणीतरी होते ना? रोज ऐकायचं, दंडावर बसून नेला, दंडावर बसून नेला. आणि मला दिसायचा तो मोकळा दंड. परवा तर ओठांवर आलं होतं, आई. रागानं. तुम्हाला दुखवायचं म्हणूनच. मला माझी भीती वाटायला लागली. म्हटलं, एक ना एक दिवस हे माझ्या तोंडातून निघून जाणार, आणि मग तुम्ही राहणार नाही. त्याआधी आपणच इथून गेलेलं बरं."

मागच्या अंगणातून मच्छिंद्रचा आवाज येत होता, ते अजून आंब्याबद्दलच सांगत होते.

मथुराबाई उठल्या. इतक्या महिन्यांत त्यांना कशाची भीती वाटली नव्हती. आता वाटली. ही बाई, जिनं एवढं मोठं ओझं चकार शब्द न काढता त्यांच्या वाट्याचं उचललं, ती जूनमध्ये या घरात नसणार. सोनू नसणार. त्यांनी दोन पावलं टाकून ऋतुजाचं मनगट धरलं, घट्ट, लहान मूल धरतं तसं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते त्यांना समजलंही नाही. त्या भांडल्यासारख्याच बोलल्या.

"तुझ्या तोंडातून निघंल म्हणून चालली व्हतीस ना? मंग आता निघालं की. कळलं मला. अजून हितंच हाय मी."

ऋतुजानं मनगट सोडवून घेतलं नाही.

"सांग की," मथुराबाई म्हणाल्या. "आता कशापायी जातीस?"